वळकटी आणि वही

गेल्या वर्षी पाडव्याला माझ्या पुतण्याने फराळाच्या ताटाशेजारी एक वही आणून ठेवली आणि "काका, वाचा आणि खरे काय ते सांगा," असे म्हणून तो चकल्यांकडे वळला. खरे काय ते सांगा म्हणणाऱ्याला ते ऐकायचे नसते, हे आयुष्यभर मुलांचे मराठी निबंध तपासून मला पुरते ठाऊक झाले आहे. तरी वही उघडली. पोराने कष्टाने लिहिली होती आणि हल्लीच्या दिवसांत हाताने लिहिलेली वही दृष्टीस पडणे हाही एक सणच म्हटला पाहिजे.

एक नोकरी सोडून दुसरी धरण्यापूर्वीच्या दोन महिन्यांत हा मुलगा काठमांडू, बँकॉक आणि हनोई पाहून आला. पाठीवर एक पिशवी, रात्री एका खोलीत आठ जणांच्या दुमजली खाटा, जेवण रस्त्याच्या कडेला. "अशा प्रवाशाला बॅकपॅकर म्हणतात," असे त्याने आजीला समजावून सांगितले. माझी आई आता नव्वदीच्या घरात आहे. ती म्हणाली, "म्हणजे वळकटी घेऊन हिंडलास, असेच ना रे?"

वहीची निम्मी समीक्षा आईने तिथेच उरकली. वळकटी, पडशी, शिदोरी, धर्मशाळा, सदावर्त, माधुकरी : कमी पैशांत दूर जाण्याचा सारा संसार मराठीत पूर्वीपासून मांडलेला आहे. नुसते शब्दच आहेत असे नाही, त्या जातीच्या प्रवासाची पुस्तकेही आहेत. म्हणून मी कपाटातून आणखी दोन पुस्तके काढली आणि ती वहीशेजारी ठेवून वाचायला बसलो. नव्या मुलाला जुन्यांच्या पंक्तीला बसवणे थोडे कठोर खरे. पण पंक्तीला बसवणे हा मानही आहे.

पहिले पुस्तक गोडसे भटजींचे 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचे हे विष्णुभट गोडसे १८५७ साली तिशीच्या वयात उत्तरेकडे निघाले. कुटुंबावर कर्ज होते. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, एवढ्या बातमीवर ते आणि त्यांचे काका रामभट पायी चालू लागले. वाटेत सत्तावनचा वणवा पेटला. यज्ञ बाजूला राहिला आणि भटजी झांशीच्या वेढ्यात सापडले. मिळवलेले द्रव्य लुटारूंच्या हाती गेले. शेवटी घरी पोहोचली ती आईबापांसाठी आणलेली गंगेची कावड. हे सर्व त्यांनी चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून १८८३ साली लिहिले आणि ते छापून निघाले १९०७ साली.

या पुस्तकात दोष नाहीत असे नाही. भटजी ऐकीव गोष्टींवर लगेच विश्वास ठेवतात. इतिहासाच्या अभ्यासकाला ते जपूनच वापरावे लागते. पण नवे गाव पाहताना त्यांची नजर कुठे जाते पाहा. इथे दाता कोण आहे? भिक्षुकाला कसे वागवतात? रात्री पाठ टेकायला जागा कुठे? गरीब प्रवाशाच्या पहिल्या दर्शनात देवळाचा कळस नंतर येतो. आधी येतो तो उघडा किंवा बंद दरवाजा. आपण कोणाच्या तरी ओसरीवर आहोत, हे भटजी क्षणभरही विसरत नाहीत. म्हणून त्यांच्या वर्णनात माणसे पुढे असतात आणि गाव त्या माणसांच्या मागे उभे असते.

दुसरे पुस्तक धर्मानंद कोसंबींचे 'निवेदन'. ते १९२४ साली पुस्तकरूपाने आले. गोव्यातील साखवाळचा हा तरुण. 'बालबोध' मासिकातले बुद्धाचे छोटेसे चरित्र वाचून त्याला बुद्धधर्माचा ध्यास लागला आणि १८९९ साली त्याने घर सोडले. पुणे, उज्जैन, ग्वाल्हेर करीत तो काशीला गेला आणि अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकला. मग बुद्धाचा धर्म अजून जिवंत आहे असे ऐकून तो नेपाळात गेला.

आमच्या वहीशी गाठ पडते ती इथे. १९०२ साली काठमांडूला धर्मानंद ज्या बौद्ध वातावरणात उभे होते, तिथेच आमचा पुतण्याही जाऊन आला. धर्मानंदांची घोर निराशा झाली. शोधायला गेलेला धर्म त्यांना तिथे दिसला नाही. पुतण्याचीही निराशाच झाली. स्वयंभूच्या पायऱ्यांवर माकडाने त्याचा बिस्किटाचा पुडा पळवला! दोघांचेही पहिले दर्शन कडूच. फरक पडला तो पुढे. पुतण्याने वहीत लिहिले, "काठमांडू : ठीक. दोन दिवस पुरे." धर्मानंद तिथून बुद्धगयेला गेले, कलकत्त्याला गेले, तिथून सिंहलद्वीपाला पोहोचले आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांपाशी पालीचे पहिले धडे गिरवू लागले. पुढे ते ब्रह्मदेशातही राहून आले. पहिल्या दर्शनाने झालेली निराशा त्यांनी निकाल म्हणून लिहिली नाही; ती प्रश्न म्हणून बरोबर नेली. त्या प्रश्नाला उत्तर मिळावे म्हणून एक नवी भाषा शिकायची त्यांची तयारी होती.

'निवेदना'तही उणे आहे. निसर्गवर्णनाचा सोस धर्मानंदांना नाही. सिंहलद्वीपाच्या हिरव्या वैभवाची आस धरून पुस्तक हाती घेणारा वाचक कोरडाच राहील. शिवाय घरी पत्नी आणि तान्ही मुलगी ठेवून हा प्रवास झाला, तेव्हा त्याचा खरा खर्च कोणी सोसला, हा प्रश्न वाचताना माझ्या मनातून जात नाही. पण या माणसाने परक्या मुलुखाला कधी आपली गंमत करण्यासाठी मांडून ठेवलेले दुकान मानले नाही.

कोणी म्हणेल, हे दोघे भिक्षुक आणि साधक. हौशी प्रवाशाला त्यांचे माप कशाला? मान्य. हौशीनेही चांगले लिहिता येते. पु. लं.चे 'पूर्वरंग' घ्या. बाली, थायलंड, जपान असा तो प्रवास. पु. ल. काही धर्मशाळेत उतरलेले नव्हते. परंतु परक्या चालीरीतीपुढे गडबडतो तो तिथला मनुष्य नव्हे, आपण. आणि हसायचे ते आपल्या गडबडण्याला, ही त्यांची रीत आहे. हशाची दिशा कुठे आहे, हे पाहिले की प्रवासवर्णनाची जात कळते.

आता वही. तिच्यात तीन शब्द पानोपानी भेटतात : 'स्वस्त', 'घाण' आणि 'बेशिस्त'. व्हिएतनाममध्ये एक लाखाची नोट म्हणजे आपले तीन-साडेतीनशे रुपये. पुतण्या बँकेतून बाहेर पडला तो लक्षाधीश होऊन, हे त्याने मोठ्या खुमारीने लिहिले आहे आणि मी हसलोही. पण पुढे वाडगाभर गरम शेवयांचे सार देणाऱ्या बाईबद्दल त्याने एवढेच लिहिले, "फारच स्वस्त." स्वस्त कोणाला? भटजीही पैसे मोजतात. पण ते स्वतःचे कर्ज मोजतात. पाहुण्याने यजमानाची गरिबी मोजली की प्रवासवर्णनाचे बाजारभावाचे पत्रक होते.

तरी त्या वहीत एक पान असे आहे की मी ते दोनदा वाचले. हनोईत रस्ता ओलांडण्याचे ते पान. दुचाक्यांचा लोंढा, थांबण्याचे नाव नाही. पहिल्या दिवशी हा पंधरा मिनिटे कडेला उभा राहिला आणि त्याने लिहिले, "बेशिस्त!" दुसऱ्या दिवशी एका म्हातारीने त्याचे मनगट धरले आणि ती चालू लागली. धावायचे नाही, थबकायचे नाही, मागे फिरायचे नाही; संथ पावलांनी एकसारखे चालत राहायचे. चालवणाऱ्यांना आपली चाल कळते आणि लोंढा दोन्ही अंगांनी वाट देतो. "म्हणजे शिस्त होती, मला ती वाचता येत नव्हती," असे त्याने तिसऱ्या दिवशी लिहिले. साऱ्या वहीत हे एक वाक्य गोडसे भटजींच्या पंक्तीला बसेल. पण त्याने पहिल्या दिवशीचे 'बेशिस्त' खोडले नाही, हे मला विशेष आवडले. पहिले दर्शन खोटे नसते. ते अपुरे असते. लेखकाने पहिले पान फाडू नये आणि तिथेच थांबूही नये.

हे सारे मी इतक्या आवेशाने का लिहितो आहे, ते आता सांगितले पाहिजे. मी भिवंडीकर आहे. पहिल्या दर्शनावर निकाल लागलेल्या गावाचा मी रहिवासी आहे.

कल्याणहून वा ठाण्याहून भिवंडीत पाऊल टाकणाऱ्या पाहुण्याला आधी काय दिसते? खड्डे, मालमोटारी, महामार्गाकडेची लांबच लांब गोदामे, आणि गल्लीगल्लीतून यंत्रमागांची खटखट. पुष्कळ वर्षांपूर्वी एका लग्नाला आलेले एक गृहस्थ परत जाऊन कुठेसे लिहून मोकळे झाले की, हे गाव नाही, हा एक आवाज आहे. ते वाक्य चांगले आहे, म्हणूनच मला अधिक लागले. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी तर आमच्या गावाच्या कपाळी एक कायमचा शब्द लिहिला. पण १९८४ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने इथे मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. दोन्ही समाजांची माणसे पोलिसांबरोबर एका सतरंजीवर बसू लागली. आणि १९९२-९३ साली मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. हे दुसरे दर्शन. ते पाहायला पाहुणा थांबलेला नसतो.

पाडव्याच्या संध्याकाळी मी हे सारे पुतण्याला सांगितले. तो रागावला; रागावणारच. "मग काय करू? कर्ज काढून परत हनोईला जाऊ?" म्हणाला. मग थोडा थांबून त्याने मला विचारले, "काका, तुम्ही इतकी वर्षे इथे आहात. या मागांवर बाहेरगावाहून माणसे येतात, त्यांना भिवंडी पहिल्यांदा कशी दिसली, हे तुम्ही कधी कोणाला विचारलेत?"

मी विचारलेले नव्हते. समीक्षकाने हे कबूल केले पाहिजे.

आमच्या गावच्या जुन्या मोमिन विणकर घराण्यांविषयी असे सांगतात की, सत्तावनच्या धामधुमीनंतर ती उत्तरेतून इकडे आली. म्हणजे वरसईचा एक ब्राह्मण वळकटी घेऊन ज्या काळात उत्तरेत फिरत होता, त्याच काळाच्या मागेपुढे उत्तरेतले विणकर आपली गाठोडी घेऊन दक्षिणेची वाट चालत होते. भटजींचा प्रवास मराठीने जपला. या विणकरांनी पहिल्यांदा कामवारी नदी पाहिली तेव्हा त्यांना काय वाटले, ते मराठीत आले नाही. कोणी त्यांना विचारले नाही, आणि विचारणाऱ्यांत मी सर्वांत जवळ राहत होतो.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही काका-पुतणे एका बिशीत गेलो. मागांवरचे कामगार महिन्याच्या हिशेबाने जिथे जेवतात त्या खाणावळीला इथे बिशी म्हणतात. उत्तर प्रदेशातून आलेला एक कामगार ताट घेऊन शेजारी बसला होता. पुतण्याने मोडक्या हिंदीत त्याला विचारले, "पहिल्या दिवशी भिवंडी कशी वाटली?" त्याने बराच वेळ विचार केला. मग म्हणाला, पहिल्या रात्री मागांच्या आवाजाने झोप आली नाही. आता सुट्टीत गावी गेलो की पहिल्या रात्री आवाज नसतो म्हणून झोप येत नाही.

पुतण्याने वही काढली. मी त्याला म्हटले, आधी जेवून घे, सार निवते आहे. तो म्हणाला, "काका, विसरेन," आणि लिहीत राहिला. 'स्वस्त' हा शब्द त्या पानावर आला का, ते मी मुद्दाम डोकावून पाहिले. आला नव्हता.