झिजलेल्या दगडाचा गालिचा: नक्षी की प्रक्रिया?

हाताने गाठी मारून विणलेल्या महागड्या गालिच्यांत सध्या एक तऱ्हा जोरात आहे. झिजलेला दगड, गंजलेला पत्रा, पावसाने कुजलेलं लाकूड, असं काहीतरी जमिनीवर अंथरायचं. याच कुळातली जर्मन डिझायनर यान काथ यांची 'इरेझ्ड हेरिटेज' ही मालिका नावाजलेली आहे. तिच्यात जुन्या गालिच्याची नक्षीच मधूनमधून पुसली गेल्यासारखी दिसते. पहिल्यांदा फोटो पाहिले तेव्हा मी लॅबमधल्या मैत्रिणीला म्हटलं, "नवंकोरं विणायचं आणि जुनं दिसावं म्हणून पैसे मोजायचे, चोचले नुसते!" मग जरा हिशोब केला आणि मत अर्धं बदललं. अर्धंच.

आपल्या शहरातलं हिमरू घ्या. जुन्या मागावर नक्षी 'जाला'त बांधलेली असायची. कुठल्या ओळीला ताण्याचे कुठले धागे उचलायचे, हे दोऱ्यांच्या त्या जाळ्यातच साठवलेलं. एकदा बांधलं की तीच बुट्टी पुन्हा पुन्हा. फाइल 'कॉम्प्रेस' करतो ना आपण, तसंच हे. पुनरावृत्ती असली की माहिती कमी लागते.

आता 8 × 10 फुटांचा गालिचा, चौरस इंचाला 100 गाठी. एकूण 11,52,000 गाठी. चारही कोपरे एकमेकांची प्रतिबिंबं असतील तर 2,88,000 गाठींचा नकाशा पुरतो, आणि कसलेल्या विणकराला त्यातलंही बरंच पाठ होतं. झिजलेल्या दगडात ही सोय नाही. दहा छटांचा वेडावाकडा डाग विणायचा तर प्रत्येक ओळ नव्याने वाचावी लागते. म्हणजे आपल्याला जिथे नक्षी 'गेली' असं वाटतं, नेमकी तिथेच विणकराची नजर सगळ्यात जास्त राबलेली असते. हे कळल्यावर चोचले हा शब्द मी मागे घेतला.

उरलेल्या अर्ध्या मताचं काय? शहराभोवती रस्त्यासाठी टेकड्या कापल्यात, तिथे बेसॉल्ट नीट बघा. दगड कांद्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटतो. कारण सोपं आहे: पाणी सपाट बाजूवर एकीकडून चढाई करतं, कडेवर दोन्हीकडून, कोपऱ्यावर तिन्हीकडून. म्हणून कोपरे आधी जातात आणि चौकोनी ठोकळा गोल होत जातो. लोहाचं ऑक्सिडेशन होऊन तांबूस-पिवळा रंग येतो तोही आधी भेगांच्या कडेने. झीज बेशिस्त दिसते खरी, पण तिला कारण असतं.

या तऱ्हेचे बरेच गालिचे इथेच फसतात. डाग सुंदर असतो, पण पाणी कुठून आलं ते सांगता येत नाही. कोपरे शाबूत, मधेच उगाच राखाडी ढग. पुसलेल्या नक्षीची कल्पना मला त्यामानाने पटते, कारण गालिचा झिजणं ही निदान गालिच्याचीच गोष्ट आहे. (हे सगळं फोटोंवरून बोलतेय, हे लक्षात ठेवा. लोकरीची उंची आणि चमक फोटोत कळत नाही, त्यामुळे पोताबद्दल मी मुद्दाम गप्प आहे. रिव्ह्यू लिहिताना तुम्हीही आपला डेटा कुठवर पोचतो ते आधी ठरवा.)

घरी आजोबांचं घोंगडं आहे. दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीचं, ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेलं. उन्हाने ते तांबूस झालंय, पण एकाच अंगाला. घडीत आत राहायची ती बाजू अजून काळीभोर. खांद्यावर यायची तिथे विरलंय. हा सगळा नकाशा मला वाचता येतो. आणि हीच लोकर आज कितीतरी मेंढपाळ फेकून देतात, कारण कातरणीची मजुरीही सुटत नाही. मांसासाठी माडग्याळ मेंढी परवडते. झिजल्यासारख्या दिसणाऱ्या गालिच्याला गिऱ्हाईक आहे आणि या लोकरीला नाही, तिथे माझं अर्धं मत अडून बसलंय.

येत्या आठवड्यात त्या विरलेल्या जागेतले आणि तांबूस भागातले चार-चार तंतू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवणार आहे. घासून तुटलेला तंतू आणि उन्हाने रंग उडालेला तंतू वेगळे ओळखू येतात का, ते बघू.