फिरती प्रदर्शने आणि मराठवाडा

संग्रहालयातील नित्याची दालने आणि थोड्या मुदतीचे प्रदर्शन यांचे कार्य एक नव्हे. दालनाने वस्तू राखावी. प्रदर्शनाने त्या वस्तूविषयी प्रेक्षकाच्या मनात प्रश्न उभा करावा. या कसोटीस आपल्याकडील प्रदर्शने कितपत उतरतात?

जुलै 2024 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे तीन वर्षांच्या कराराने साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली व 2025 मध्ये नागपुरास गेली. त्यांचे स्वागत थाटाने झाले, ते उचितच. परंतु अफजलखानाच्या वधाच्या वेळी महाराजांच्या हाती हीच नखे होती, याची खात्री देता येत नाही, असे ते लंडनचे संग्रहालयच सांगते. या शंकेने महाराजांचे थोरपण तिळमात्र उणे होत नाही; उलट पुरावा कसा तोलावा, हे शिकविण्यास याहून चांगली वस्तू कोणती? स्वागताच्या गजरात तो पाठ मागे पडला, असे आमचे मत आहे.

मराठवाड्यास तर दूरदेशीच्या वस्तूची वाट पाहण्याचेही कारण नाही. 1982 पर्यंत लातूर ज्या जिल्ह्यात मोडत होते, त्याच जिल्ह्यातील तेर म्हणजे ग्रीक व्यापाऱ्यांस ठाऊक असलेले तगर. तेथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात एक इवलीशी हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती 1938 साली इटलीत, इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेल्या पाँपेई नगरात सापडली. तेरची मूर्ती व पाँपेईच्या मूर्तीची प्रतिकृती शेजारी शेजारी मांडून लातुरास व नांदेडास महिना महिना ठेवल्यास, आपल्या मुलखाचा रोमशी असलेला व्यापार शाळकरी मुलासही डोळ्यांनी दिसेल. नांदेडकरांनी परतभेट म्हणून होट्टलच्या चालुक्यकालीन मंदिरांची छायाचित्रे तेरास धाडावी.

हस्तिदंत नाजूक असते, हा आक्षेप खरा आहे. प्रवास धोक्याचा वाटल्यास तेरच्या मूर्तीचीही प्रतिकृतीच न्यावी. मात्र ती प्रतिकृती आहे, हे ठळक अक्षरांत लिहावे. साधनांची सबब चालणार नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने 2015 मध्येच बसगाडीत संग्रहालय मांडून ते गावोगाव नेण्यास आरंभ केला. पाँपेईचे नाव पाठ असलेल्या लातूरच्या विद्यार्थ्यास शेजारचे तेर अनोळखी राहावे, ही उणीव त्याची नव्हे, आपली आहे.