दाराबाहेरची मुलगी

परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या घरांत मुले वयात आली की एक प्रश्न हमखास उभा राहतो. लग्न कोणी ठरवायचे, मुलांनी की वडीलधाऱ्यांनी? याच प्रश्नावर बेतलेला ‘व्हॉट्स लव्ह गॉट टू डू विथ इट?’ हा विनोदी इंग्रजी बोलपट २०२३ च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शक शेखर कपूर यांचा जन्म लाहोरचा. पटकथाकार जेमायमा खान १९९५ साली लग्न करून इंग्लंडहून लाहोरला नांदायला गेल्या होत्या. लग्नघराची लगबग खरी वाटते ती बहुधा त्यामुळेच.

लंडनमधील पाकिस्तानी कुटुंबातला काझिम हा तरुण डॉक्टर आईवडिलांच्या मदतीने मुलगी पाहायचे ठरवतो. शेजारची झोई ही त्याची इंग्रज बालमैत्रीण या लग्नावर माहितीपट काढते आणि आपल्या आईला घेऊन वऱ्हाडाबरोबर लाहोरला जाते. ही आई म्हणजे एमा थॉम्पसन. भलत्या वेळी भलतेच बोलून ती हशा पिकवते. पण मेंदीच्या समारंभात ती मनापासून रमते, तेव्हा मुंबईच्या आपल्या लग्नांतली मेंदीची रात्र आठवल्यावाचून राहत नाही. शबाना आझमींनी काझिमची आई फार समजून उभी केली आहे.

नवरी मैमूनाला मात्र न्याय मिळालेला नाही. नायक-नायिकेची गाठ पडावी म्हणून तिचा संसार घाईघाईने मोडला आहे. ठरवून केलेल्या लग्नाची बाजू आधी इतक्या समजुतीने मांडायची आणि शेवटी नेहमीच्याच वाटेने जायचे, हा या चित्रपटाचा मोठा दोष होय.

माझ्या मनात घर केले ते दुसऱ्याच एका पात्राने. काझिमची बहीण जमिला हिने परधर्मीयाशी लग्न केले, म्हणून घरच्यांनी तिच्याशी संबंध तोडले आहेत. अखेरीस ती तान्हे बाळ घेऊन घरी येते, तेव्हा विनोद थांबतो आणि खरी गोष्ट सुरू होते. खेद एवढाच की तिच्या वाट्याला वेळ फार थोडा आला आहे.

वाचकहो, हे दार आपल्याही ओळखीचे आहे. १९६२ ते १९६४ या काळात इस्राएलमध्ये लग्नाच्या वेळी आपल्या लोकांची वंशावळ तपासली जाऊ लागली, तेव्हा आपण दाराबाहेर होतो. तो अपमान आपण विसरलेलो नाही आणि त्याविरुद्ध आपले लोक एकजुटीने उभे राहिले याचा अभिमानही आहे. पण त्याच्या कितीतरी आधी कोकणात आपणच ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद करून आपल्याच माणसांशी सोयरीक टाळत होतो. तेव्हा दाराच्या आत आपण होतो.

आपला समाज लहान. तो टिकला पाहिजे ही काळजी खरी आहे, आणि ती करणाऱ्या आईबापांना जुनाट ठरवणे मला मान्य नाही. मुलांनी आपल्यातच सोयरीक करावी असे मलाही वाटते. परंतु एखाद्या मुलीने तसे केले नाही, तर सणाच्या दिवशी तिचे ताट मांडायचे की नाही? चित्रपटातल्या आजीला हे उमगायला वर्षे लागली. आपल्याला किती लागतील?

घरातल्या तीन पिढ्यांनी एकत्र बसून हा चित्रपट अवश्य पाहावा. हसावे, आणि हसून झाल्यावर थोडे बोलावेही.