रांगेतला शिपाई

जुन्या लढाया टेबलावर मांडून खेळण्यासाठी घडवलेले छोटे शिपाई आपण चेहऱ्यावरून पारखतो. मला ही कसोटी अपुरी वाटते. 28 मिलिमीटरच्या शिपायाची बंदूक काटेकोर प्रमाणात घडवली, तर तोंडाशी नळी अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक होईल आणि हाताळताना मोडेल. ती जाड असणे हा दोष नव्हे. खरा दोष असतो पवित्र्यात. 23 सप्टेंबर 1803 रोजी असईच्या मैदानावर वेलस्लीसमोर शिंद्यांच्या कवायती पलटणी खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. त्यांच्या जागी पाय फाकून तलवार उगारलेले वीर मांडले, की रांग जुळत नाही आणि इतिहासही बिघडतो. शौर्य सगळेच घडवतात. हरलेल्यांची शिस्त ज्या शिपायात दिसते, तोच मला अस्सल वाटतो.