समूहमोहिमेचा शिष्टाचार : ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधील पूर्वतयारी, वाटप आणि वेळ – एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

शिष्टाचार म्हणजे शिष्टांचा आचार. वय, मान आणि परंपरा यांच्या आधारे तो ठरत आला आहे. पंगतीत सर्वांची पाने वाढून झाल्याशिवाय जेवणास आरंभ करू नये आणि सर्वांचे आटोपल्याशिवाय उठू नये, हा संकेत शिकण्यासाठी कोणताही ग्रंथ उघडावा लागत नाही; तो सोबत बसण्यातूनच अंगी बाणतो. मात्र ज्यांनी एकमेकांचा चेहराही पाहिलेला नाही अशा माणसांमध्ये असे संकेत निर्माण होऊ शकतात काय? ऑनलाइन बहुखेळाडू खेळांनी हा प्रश्न नव्याने उपस्थित केला. ब्लिझार्ड एंटरटेनमेंट या अमेरिकन कंपनीने २३ नोव्हेंबर २००४ रोजी प्रकाशित केलेला ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ त्याचे ठळक उदाहरण होय. या खेळातील समूहमोहिमांचा शिष्टाचार नेमका कशाचे रक्षण करतो आणि तो यंत्रणेकडे सोपविल्यास काय उरते, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मोहिमेचे स्वरूप आणि पूर्वतयारी :

आरंभीच्या काळात ‘मोल्टन कोअर’ ही या खेळातील प्रमुख समूहमोहीम होती. ४० खेळाडूंनी एकाच वेळी एकत्र येऊन, क्रमाने १० बलाढ्य शत्रूंचा पराभव करणे हे तिचे स्वरूप. शत्रूचे आघात स्वतःवर ओढून घेणारे ‘टँक’, सहकाऱ्यांच्या जखमा भरून काढणारे ‘हीलर’ आणि प्रत्यक्ष प्रहार करणारे असे श्रमविभाजन त्यात असे. अग्नीपासून रक्षण करणारी वस्त्रे व औषधी पेये आधीच जमवून ठेवणे, शस्त्रास्त्रांची डागडुजी करून येणे, ठरल्या वेळेपूर्वी हजर राहणे, नेतृत्व करणारा बोलत असताना ध्वनिवाहिनीवर शांत राहणे आणि जागेवरून उठायचे झाल्यास तसे सांगणे, हे संकेत खेळाच्या आज्ञावलीत कोठेही लिहिलेले नव्हते. ते खेळाडूंनीच रूढ केले.

या संकेतांमागील सूत्र साध्या गणिताने स्पष्ट होते. एका खेळाडूने तयारीविना येऊन १० मिनिटांचा विलंब केला, तर ४० जणांची मिळून ४०० मिनिटे, म्हणजे साडेसहा तासांहून अधिक वेळ, खर्ची पडतो. शत्रू काल्पनिक, शस्त्रे काल्पनिक, पण गेलेला वेळ मात्र खरा. म्हणूनच पूर्वतयारी ही येथे केवळ कार्यक्षमतेची बाब राहत नाही. दुसऱ्याच्या वेळेचा विश्वस्त म्हणून वागण्याची ती नैतिक अट ठरते.

‘लिरॉय जेन्किन्स’ : एक पुनर्वाचन :

मे २००५ मध्ये प्रसृत झालेली ‘लिरॉय जेन्किन्स’ ही चित्रफीत या शिष्टाचाराच्या भंगाची सर्वांत प्रसिद्ध कथा आहे. एका दालनाबाहेर थांबलेला गट पुढील चढाईची बारकाईने आखणी करीत असतो. यशाची शक्यता दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांपर्यंत मोजली जाते. तेवढ्यात, इतका वेळ संगणकापासून दूर असलेला लिरॉय परत येतो, स्वतःच्या नावाची आरोळी ठोकतो आणि एकटाच आत धावतो. त्याला वाचविण्यासाठी सर्वजण मागोमाग जातात आणि सारा गट मारला जातो.

ही चित्रफीत सामान्यतः उतावळ्या खेळाडूची गंमत म्हणून पाहिली जाते. ती अभिनीत होती, ही बाब पुढे निर्मात्यांनीही मान्य केली. त्यामुळे ती घडलेली घटना म्हणून नव्हे, तर रचलेले प्रहसन म्हणून वाचणे अधिक योग्य ठरते. तसे वाचल्यास दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, येथे उपहास केवळ लिरॉयचा नाही. खेळाला हिशेबाच्या वहीचे रूप देणाऱ्या अतिरेकी नियोजनाचाही आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ती चढाई मुळात लिरॉयला हवी असलेली एक वस्तू मिळवून देण्यासाठीच आखलेली असते. ज्याच्यासाठी इतर सर्वजण आपला वेळ देत आहेत, तोच त्या वेळेची किंमत जाणत नाही. प्रहसनाचा खरा आघात येथे आहे.

योहान हुइझिंगा यांनी ‘होमो लुडेन्स’ (१९३८) या ग्रंथात फसवणूक करणारा खेळाडू आणि खेळ मोडणारा यांच्यात भेद केला आहे. फसवणारा निदान नियम पाळण्याचा बहाणा करतो. खेळ मोडणारा मात्र खेळाचे जगच उधळून लावतो, म्हणून समूह त्याला अधिक कठोरपणे वागवतो. लिरॉय हा वरवर पाहता दुसऱ्या प्रकारात मोडतो. तथापि समूहाने त्याला बहिष्कृत केले नाही, उलट त्याला लोककथेचा नायक केले. २००८ मध्ये खुद्द खेळातच ‘जेन्किन्स’ हे बिरुद मिळवण्याची सोय झाली. शिस्त आवश्यक आहे हे मान्य करूनही तिचा जाच ज्यांना जाणवतो, त्यांनाच असा नायक लागतो.

वाटपाचा न्याय :

मोहिमेत ४० जण झटतात, पण हाती लागणाऱ्या वस्तू मोजक्याच असतात. या पेचावर ‘ड्रॅगन किल पॉइंट्स’ म्हणजेच ‘डीकेपी’ ही गुणपद्धती पुढे आली. तिचा उगम १९९९ मध्ये आलेल्या ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळाच्या खेळाडूंमध्ये झाला. उपस्थितीबद्दल गुण मिळवायचे आणि वस्तू घेताना ते खर्चायचे, असा हा हिशेब. दिलेल्या वेळेची नोंद राहते, हा त्यातील न्याय होय. परंतु नोंद ठेवणाऱ्या हाती दंडही आला. चुकीबद्दल संतापून गुण कापणाऱ्या नेत्यांच्या आरडाओरड्याची ध्वनिमुद्रणे खेळाडूंमध्ये विनोद म्हणून फिरली, हे त्याचेच द्योतक आहे. पुढे प्रत्येकाच्या कामगिरीचे आकडे दाखविणारी पूरक साधने आली. टी. एल. टेलर यांनी २००६ मधील लेखनात अशा साधनांतील परस्पर-पाळतीकडे लक्ष वेधले होते. मार्क चेन यांचा ‘लीट नूब्स’ (२०१२) हा अभ्यास ‘मोल्टन कोअर’मध्ये उतरणाऱ्या एका गटाच्या घडण्याची आणि विघटनाची कहाणी सांगतो. मैत्रीसाठी खेळणे आणि प्राप्तीसाठी खेळणे यांतील ताण तेथे निर्णायक ठरला.

यंत्रणेकडे सोपवलेला शिष्टाचार :

डिसेंबर २००९ मध्ये वेगवेगळ्या सर्व्हरवरील पाच अनोळखी खेळाडूंचा गट आपोआप जुळवणारी सुविधा आली. २०११ मध्ये मोठ्या मोहिमांसाठीही तशी सोय झाली. २०१८ मध्ये नेत्याने वस्तू वाटण्याची पद्धत काढून टाकण्यात आली. लोभ आणि पक्षपात यांना त्यामुळे आळा बसला, हे नाकारता येत नाही. पण त्याचबरोबर विनंती, शिफारस, प्रतीक्षा आणि आभार यांचे प्रसंगही कमी झाले. जो पुन्हा भेटणारच नाही, त्याच्याशी कसे वागावे याला परिणाम उरला नाही.

तरीही जुन्या काळाचे गौरवीकरण करणे योग्य होणार नाही. आठवड्यातून अनेक रात्री सलग चार-चार तास देणे हे फुरसतीचे विशेषाधिकार असलेल्यांनाच शक्य होते. पाळीने काम करणारे, लहान मुले सांभाळणारे किंवा घरकामाचा भार वाहणारे यांच्यासाठी ‘मध्येच उठू नये’ हा संकेत म्हणजे बंद दरवाजाच होता. आपोआप जुळणाऱ्या गटांनी तो उघडला. प्रश्न एवढाच की, दरवाजा उघडताना घरातील माणसे एकमेकांना अनोळखी झाली.

ऑगस्ट २०१९ मध्ये जुने स्वरूप ‘क्लासिक’ या नावाने परत आले, तेव्हा गट जुळवणारी सुविधा त्यात नव्हती. परंतु केवळ नियम परत आणल्याने शिष्टाचार परत येतोच असे नाही. तेथे ‘जीडीकेपी’ ही लिलावाची पद्धत फोफावली. वस्तू सर्वाधिक सुवर्णमुद्रा देणाऱ्यास मिळू लागल्या आणि जमा रक्कम सहभागींमध्ये वाटली जाऊ लागली. उपस्थितीची जागा धनाने घेतली. २०२४ मध्ये ‘सीझन ऑफ डिस्कव्हरी’ या आवृत्तीत कंपनीला या पद्धतीवर बंदी घालावी लागली.

समारोप :

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, समूहमोहिमेचा शिष्टाचार म्हणजे सौजन्याची सजावट नव्हे. तो परस्परांच्या वेळेविषयीचा अलिखित करार आहे. गुणपद्धतीने त्याचा हिशेब केला, यंत्रणेने त्याला पर्याय दिला, लिलावाने त्याची किंमत ठरवली. यांपैकी प्रत्येक उपायाने एखादा अन्याय दूर केला, पण दुसऱ्याची दखल घेण्याची वृत्ती यांपैकी कोणताही उपाय निर्माण करू शकला नाही. ती केवळ पुन्हा भेटण्याच्या शक्यतेतून निर्माण होते. तयारीने येणारा खेळाडू औषधी पेये सोबत आणतो, त्यात शत्रूची भीती असतेच. परंतु आपल्यासाठी आणखी ३९ जण थांबलेले आहेत, ही जाणीवही असते. ही जाणीव ज्या समूहात टिकते तेथे नियम थोडे पुरतात, आणि ती जेथे लोपते तेथे कितीही नियम अपुरेच पडतात.