सामना पाहायला सीमा ओलांडली. पण त्यातून सिद्ध काय झालं?

संशोधन प्रस्तावात सर्वांत जास्त घोटाळा कुठे होतो, सांगू? गोष्ट छान असते, खरीही असते, पण तिच्यातून आपण जो निष्कर्ष काढतो तो तिच्या खांद्याला पेलत नाही. आज अशीच एक गोष्ट तपासू या. तुम्ही कोणत्याही विषयात पीएच.डी. करणार असाल तरी ती उपयोगी पडेल.

मार्च-एप्रिल २००४. भारतीय क्रिकेट संघ पाकिस्तानात गेला. १९८९ नंतरचा हा पहिला पूर्ण दौरा. कराची, रावळपिंडी, पेशावर, लाहोर इथे एकदिवसीय सामने झाले आणि मुलतान, लाहोर, रावळपिंडीत कसोट्या. आपण एकदिवसीय मालिका ३-२ नं आणि कसोटी मालिका २-१ नं जिंकलो. पण या दौऱ्याची आठवण काढणारा माणूस धावसंख्येवर फार थांबत नाही. तो सांगतो ते प्रेक्षकांबद्दल. हजारो भारतीयांना सामन्यांसाठी व्हिसा मिळाला. लाहोर आणि अमृतसर यांच्यात जेमतेम ५० किलोमीटर, तरी कित्येकांनी वाघा सीमा आयुष्यात पहिल्यांदा ओलांडली. दुकानदारांनी पैसे घेतले नाहीत, रिक्षावाल्यांनी भाडं नाकारलं, अनोळखी लोकांनी घरी जेवायला नेलं. पुढच्या वर्षी, मार्च २००५ मध्ये, मोहालीच्या कसोटीला पाकिस्तानी प्रेक्षक आले आणि चंदीगडच्या लोकांनी त्यांना आपल्या घरांत उतरवून घेतलं.

यावरून एक दावा रूढ झाला : प्रेक्षक सीमा ओलांडतात तेव्हा दोन देशांतलं वैर कमी होतं. शहरयार खान यांच्या २००५ च्या पुस्तकाचं तर नावच 'क्रिकेट : अ ब्रिज ऑफ पीस', म्हणजे शांततेचा पूल. खान हे मूळचे भोपाळचे, पाकिस्तानचे माजी परराष्ट्र सचिव. १९९९ च्या भारत दौऱ्यात ते पाकिस्तानी संघाचे व्यवस्थापक होते आणि २००४ मध्ये तिथल्या क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष. इतक्या आतला साक्षीदार मिळणं दुर्मीळच. पण आतला साक्षीदार बऱ्याचदा त्या घटनेचा आयोजकही असतो, हेही वाचताना लक्षात ठेवायला हवं. मला माणसावर किंवा पुस्तकावर टीका करायची नाही. मला तो दावा तपासायचा आहे. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण संशोधनात आरसा लागतोच.

पहिला प्रश्न : आधी काय झालं? नियंत्रण रेषेवर शस्त्रसंधी झाली नोव्हेंबर २००३ मध्ये. वाजपेयी आणि मुशर्रफ इस्लामाबादेत भेटले, संयुक्त निवेदन निघालं जानेवारी २००४ मध्ये. दौरा सुरू झाला मार्चमध्ये. म्हणजे प्रेक्षक गेले म्हणून दार उघडलं असं दिसत नाही. दार किलकिलं झालं होतं म्हणून प्रेक्षक जाऊ शकले. नंतर सद्भावना वाढली असेलही, पण तिचं श्रेय सामन्यांना किती आणि आधीच सुरू झालेल्या बोलण्यांना किती, हे नुसत्या आठवणींवरून वेगळं करता येत नाही. तुमच्या प्रस्तावात 'अ'मुळे 'ब' घडलं असं लिहिण्याआधी दोघांच्या तारखा एकाखाली एक मांडून बघा. दहा मिनिटांचं काम आहे, अर्ध्या चुका तिथेच सापडतात.

दुसरा प्रश्न : गेले कोण? ज्याच्याकडे पासपोर्ट होता, पैसे होते, सुट्टी होती आणि 'पाकिस्तानात जायचं' म्हटल्यावर ज्याच्या पोटात गोळा आला नाही, तोच गेला. ज्याच्या मनात द्वेष ठासून भरलेला आहे तो व्हिसाच्या रांगेत उभा कशाला राहील? परतलेले प्रवासी मवाळ होते हे खरं. पण ते जातानाही मवाळच असतील तर? यालाच आपण निवडीचा पूर्वग्रह म्हणतो. जाण्याआधीचं मत नोंदवलेलं नसेल तर प्रवासानं ते बदललं असं म्हणता येत नाही.

तिसरा प्रश्न : कोणत्या गोष्टी मोजल्या आणि कोणत्या गाळल्या? ३१ जानेवारी १९९९ ला चेन्नईत पाकिस्ताननं आपल्याला १२ धावांनी हरवलं आणि प्रेक्षकांनी उभं राहून पाहुण्यांना टाळ्या दिल्या. हा प्रसंग प्रत्येक लेखात येतो. पण त्याच महिन्यात दिल्लीच्या कोटला मैदानाची खेळपट्टी उखडली गेली होती. त्याच्या पुढच्या महिन्यात कोलकात्यात सचिन धावबाद झाल्यावर असा गोंधळ झाला की शेवटी स्टँड रिकामे करून सामना संपवावा लागला. मुंबईकरांना १९९१ ची वानखेडेची उखडलेली खेळपट्टीही आठवत असेल. आणि चेन्नईच्या टाळ्यांनंतर चार महिन्यांतच कारगिल पेटलं. एक गोष्ट निवडायची मुभा दिली तर मी तुम्हाला काहीही सिद्ध करून देईन. शिवाय चेन्नईचे ते प्रेक्षक कुठलीही सीमा ओलांडून आलेले नव्हते. ते आपल्याच गावात बसून उदार झाले होते. म्हणजे उदारपणाला प्रवास लागतोच असंही नाही.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : हे घडतं तरी कसं? माणसं एकमेकांना भेटली की पूर्वग्रह कमी होतो, हे मानसशास्त्रातलं जुनं गृहीतक. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये त्याला अटी घातल्या : दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, सहकार्य हवं आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. आता आपले प्रेक्षक या चाळणीतून काढा. पाठिंबा होता, दर्जाही बऱ्यापैकी समान. पण ध्येय एक? एकाचा आनंद म्हणजे दुसऱ्याचं दुःख!

इथे मॅट लो यांचा प्रयोग बघाच. त्यांनी उत्तर प्रदेशात १,२०० हून अधिक तरुण घेतले आणि कोण क्रिकेट लीगमध्ये खेळणार, कोणत्या संघात, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. एकाच संघात वेगवेगळ्या जातींची मुलं खेळली तेव्हा जातीपलीकडची मैत्री वाढली. विरुद्ध संघांत समोरासमोर आली तेव्हा परिणाम साधारण उलट्या दिशेनं गेला. खेळ तोच, मैदान तेच. सल्मा मूसा यांनी इराकमध्ये ख्रिस्ती फुटबॉल संघांत मुस्लीम खेळाडू घातले. मैदानावरचं वागणं सुधारलं, सहा महिन्यांनंतरही एकत्र सराव सुरू होता. पण मैदानाबाहेरच्या अनोळखी माणसांपर्यंत ते फारसं पोचलं नाही. आपला प्रेक्षक तर या दोन्हींत बसत नाही. तो खेळत नाही, बघतो. त्याची खरी भेट स्टँडमध्ये नाही तर सामन्याच्या आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर होते. मग औषध क्रिकेट आहे की पाहुणचार? हा प्रश्न त्या सगळ्या सुंदर आठवणींमध्ये विचारलाच गेलेला नाही.

मग असा अभ्यास करायचा कसा? एक नमुना आहे. पाकिस्तानात तेव्हा हजसाठी अर्ज जास्त आणि जागा कमी असायच्या, म्हणून सोडत निघायची. क्लिंगिंगस्मिथ, ख्वाजा आणि क्रेमर यांनी २००६ च्या सोडतीत नंबर लागलेल्या आणि न लागलेल्या अर्जदारांची तुलना केली. जायची इच्छा दोघांची सारखी, फरक फक्त नशिबाचा. नंबर लागून जाऊन आलेल्यांमध्ये इतर पंथांबद्दल आणि इतर धर्मीयांबरोबरच्या शांततेबद्दलही अधिक अनुकूल मतं दिसली. म्हणजे सीमेपलीकडचा प्रवास मन बदलू शकतो, याला भक्कम पुरावा आहे. सामन्यांच्या तिकिटांची आणि व्हिसाची अशीच सोडत काढली असती, तर २००४ नं आपल्याला कितीतरी शिकवलं असतं.

काही जण म्हणतील, दुबईत अभ्यास करा, तिथे दोन्हीकडचे प्रेक्षक शेजारी बसतात. चांगली सूचना, पण ते एरवीही एकाच शहरात कामाला असतात. त्यांनी एकमेकांचं घर, गाव पाहिलेलं नसतं. दुबईत सामना आहे, पण यजमान नाही. म्हणून तो पर्याय होत नाही. फार तर तुलनेसाठीचा एक गट होऊ शकतो, तोही जपून.

आता एक गोष्ट नीट ऐका. वरचे चार प्रश्न वाचून 'म्हणजे ते सगळं थोतांड होतं' असं म्हणाल, तर तीही तीच चूक. पुरावा अपुरा असणं म्हणजे परिणाम शून्य असणं नव्हे. २००८ च्या आशिया चषकानंतर भारतीय संघ पाकिस्तानात खेळलेला नाही. २०२३ मध्ये अहमदाबादच्या सामन्यात पाकिस्तानी प्रेक्षक जवळपास नव्हतेच. २०२५ मध्ये चॅम्पियन्स करंडकाचे आपले सगळे सामने दुबईत झाले आणि एप्रिलच्या पहलगाम हल्ल्यानंतर अटारीचं दारही बंद झालं. आज 'प्रेक्षक गेल्यानं काहीच साधत नाही' हा दावा जोरात आहे. त्यालाही हेच चार प्रश्न विचारा. तोही तितकाच लंगडा निघेल. दावा आपल्या मनासारखा असो वा नसो, कसोटी एकच.

आणि ज्याने पैसे घेतले नाहीत तो दुकानदार? त्याचं वागणं चांगलंच होतं, त्याला युद्ध थांबवण्याची अट घालायची गरज नाही. २००४ ला पंचविशीत असलेले ते प्रवासी आता पन्नाशीकडे आलेत. कुणाला मौखिक इतिहासाचा विषय हवा असेल तर हा घ्या. फक्त मुलाखतीत पहिला प्रश्न 'तिकडे कसं वाटलं?' असा नको. 'जाण्याआधी तुम्हाला काय वाटायचं, आणि तुमच्याबरोबर यायला कोण तयार झालं नाही?' इथून सुरुवात करा. आणि जो तयार झाला नाही, त्यालाही जाऊन भेटा.