‘आभार’ आणि ‘शांती’ : पौलाच्या एका वचनाचा शब्दविचार

प्रार्थनेने मन शांत होते, एवढे सांगून ख्रिस्ती प्रार्थनेविषयीचे विवेचन पुष्कळदा थांबते. हे विधान खोटे नाही. परंतु ते कोणत्याही धर्मातील प्रार्थनेस लागू पडेल. ख्रिस्ती विचाराचे वेगळेपण पाहावयाचे असल्यास प्रेषित पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील सहावे व सातवे वचन बारकाईने वाचावे लागते. चिंता सोडून प्रत्येक मागणी आभारासह देवापुढे मांडावी, म्हणजे देवाची शांती मनाचे रक्षण करील, असा त्याचा आशय आहे.

येथे प्रथम क्रम लक्षात घेतला पाहिजे. आभार मागणीबरोबरच आहेत. ते फलप्राप्तीनंतरचे नाहीत. आपल्या परिचयाच्या नवसातही कृतज्ञता असतेच, पण ती इच्छा पुरी झाल्यावर फेडावयाची असते. मागितलेले मिळेल, असे पौल येथे म्हणतच नाही. आश्वासन आहे ते केवळ शांतीचे. देहातील एक काटा दूर व्हावा म्हणून आपण तीनदा विनवणी केली, आणि उत्तरादाखल आपणांस कृपेचे आश्वासन तेवढे मिळाले, असे त्यानेच करिंथकरांस दुसऱ्या पत्रात लिहिले आहे.

या ‘कृपे’साठी मूळ ग्रीकमध्ये ‘खारिस’ हा शब्द आहे, आणि आभारवाचक ‘युखारिस्तिया’ हा शब्दही त्याच्याशीच संबद्ध आहे. मराठीत मात्र कृपा आणि आभार यांचा असा शब्दसंबंध नाही. ‘आभार’ म्हणताच ‘भार’ ऐकू येतो. ‘उपकार’ म्हटले की ‘ओझे’ व ‘फेड’ हे शब्द मागोमाग येतात. प्रचलित मराठी बायबलातील ‘आभारप्रदर्शन’ हा शब्द तर आज सभेच्या शेवटच्या औपचारिक कार्यक्रमाचीच आठवण करून देतो.

हा भेद क्षुल्लक नव्हे. याच अध्यायात पुढे, फिलिप्पैकरांनी पाठविलेल्या मदतीविषयी लिहिताना, पौल देण्याघेण्याच्या हिशेबाची आणि भरून पावल्याची भाषा योजतो. ‘युखारिस्तिया’ हा शब्द तेथे येत नाही. संपूर्ण पत्रात तो शब्द आणि त्याचे क्रियापद ही दोन्ही देवाच्या संदर्भातच आली आहेत. माणसांमधील देवघेव हिशेबाच्या भाषेत बोलता येते. कृपेची फेड संभवत नाही, ती केवळ ओळखता येते. या दृष्टीने ‘केलेले जाणणे’ असा अर्थ असलेला ‘कृतज्ञता’ हा शब्द मुळाच्या अधिक जवळ जातो. मराठी ख्रिस्ती परंपरेतील ‘उपकारस्तुती’ हा शब्दही मार्मिक आहे. त्यात उपकाराची परिणती फेडीत न होता स्तुतीत होते.

‘शांती’विषयीही असेच म्हणता येईल. संस्कृत ‘शम्’ धातूमुळे या शब्दाचा कल शमण्याकडे, थांबण्याकडे आहे. ग्रीक ‘आयरीनी’ या शब्दामागे हिब्रू ‘शालोम’ उभा आहे, आणि त्याचा मूलार्थ परिपूर्णता, अभंगता असा आहे. शिवाय पौलाने या शांतीस जोडलेले क्रियापद लष्करी आहे. पहारेकऱ्यांनी नगराचे रक्षण करावे, तशी ती मनाचे रक्षण करते. फिलिप्पै ही रोमन वसाहत होती, इ. स. पूर्व ४२ मधील लढाईनंतर तेथे निवृत्त सैनिक वसविण्यात आले होते. त्या नगरातील वाचकांस ही प्रतिमा निराळी समजावून सांगण्याची गरज नव्हती. मराठी भाषांतरातील ‘राखणे’ हे क्रियापद येथे अत्यंत समर्पक आहे. त्यात राखणदाराची जाग आहे.

पत्र लिहिताना पौल स्वतः बंदिवासात, पहाऱ्याखाली होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या शब्दाचे वजन कळते. परिस्थिती पालटण्यापूर्वीच आभार मानणारा मनुष्य आपल्या मागणीचा सौदा होऊ देत नाही; म्हणूनच मागणी अपुरी राहिली तरी त्याची शांती ढळत नाही. दाराशी शिपाई उभे असतानाही, आपल्या अंतःकरणावरचा पहारा निराळ्याच सत्तेचा आहे, असे पौल लिहू शकला, ते या अर्थाने.